बोटभर अंतर आणि टेकलेली पाठ

“म्हैस बसलीय काय तळ्यात? वर उठ. उठ म्हणतो ना, कंबर वर घे.”

कंपनीतली शिफ्ट संपवून आलेले म्हात्रेसर ओरडत होते आणि रामवाडीतल्या त्या मंगल कार्यालयाचे पत्रे थरथरत होते. सरांचा आवाज असा, की त्यांनी पेणमध्ये आकडे मोजायला सुरुवात केली की खाडीकडच्या मिठागरांत मीठ एक दिवस आधी धरायचं. पांढऱ्या कपड्यांतली तीस-बत्तीस मुलंमुली ओळीनं उभी होती, आणि त्यातली म्हैस मी. बाकीच्यांचे पाय कराटेच्या वर्गात शोभतील असे होते, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, पाठ भिंतीसारखी सरळ. माझे दोन्ही गुडघे दुमडलेले, पाठ कमानीसारखी, हात पुढे लोंबत, समोरच्या मुलीला कमरेत धरून उचलून न्यायचं असावं तसे. आणि वैताग असा, की मला ते कळतही नव्हतं. माझं शरीर दर शनिवारी रोह्याला जाऊन यायचं आणि सोमवारी पेणमध्ये उभं राहिलं की आपण कुठल्या गावात आहोत तेच विसरायचं.

“कुठं शिकलीस हे?” सर समोर येऊन उभे राहिले. “कोन शिकवतंय तुला?”

“कोणी नाय सर,” मी म्हटलं. “घरी पापडाचं पीठ कुटते ना, त्यानं कंबर अशी वाकून राहते.”

सरांनी माझ्या खांद्यावर तळवा ठेवून ढकललं. मी हलले नाही. दोन्ही हातांनी ढकललं, तरी हलले नाही. हा प्रसंग पुढं लोकांना सांगताना मी सरांच्या मदतीला तीन माणसं आणि एक टेम्पो घेत असे, पण खरं म्हणजे सर एकटेच होते आणि तेवढे पुरे होते. मग वर्गाकडं वळून म्हणाले, “उद्यापासून पीठ कुटत जा रे सगळ्यांनी.”

थापा मारणाऱ्याला शिक्षा मिळते ती अशी. पुढच्या रविवारी वर्गातल्या सहा मुली आमच्या ओटीवर हजर. आमचं घर म्हणजे पोह्याच्या पापडांचं घर. बोलणं नंतर, आधी कुटणं ऐकू यायचं. पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, पापडखार, असा तो दगडासारखा गोळा तेलाचा हात लावून लावून लोखंडी मुसळानं कुटायचा, आणि कुटणारीच्या तोंडून प्रत्येक घावाला ‘हुं’ निघायचा. सकाळी आठला सुरू झालेला तो हुंकार दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. माझे वडील, आप्पा, शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणायचे, घरात एक वाक्य सलग बोलायचं असेल तर शाळेत जावं लागतं. गोळा मऊ झाला की आई त्याची लांब वळी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि दुसरं हातात धरून लाट्या कापायची, आणि आजूबाजूच्या सात-आठ बाया पोळपाट घेऊन बसायच्या. कच्ची लाटी तेलात बुडवून खाल्ली नाही त्या माणसाला मी अजूनही पूर्ण वाढलेला समजत नाही. तर त्या सहा मुलींनी दोन रविवार फुकटात पीठ कुटलं, लाट्या खाल्ल्या, एकीचं पोट बिघडलं, आणि कंबर कुणाचीच वाकली नाही. आई मात्र खूश. “तुझे सर देवमाणूस हायत गो,” म्हणाली. खरं काय ते आईलाही ठाऊक नव्हतं.

खरं ते रोह्यात होतं. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं पापडांच्या पुड्या घेऊन मी मावशीकडं जायचे. ती तिथल्या दुकानांत त्या पोचवायची. (तो रस्ता तेव्हाही खराब होता आणि आता रुंद करताकरता माझे केस पिकले, तरी नागोठण्यापाशी गाडी अजून तशीच उडते. एवढं एक सातत्य मला खेळात दाखवता आलं असतं तर मी देशासाठी पदकं आणली असती.) मावशीच्या परसाला लागून इब्राहिमचाचांचं परस. चाचा तरुणपणी कुस्त्या मारायचे, मग चौदा वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आले होते. त्यांची मान एवढी जाड, की तिथल्या शिंप्यानं सदऱ्याच्या गळ्याला वेगळं कापड मागितलं होतं. कान पापड तळताना दुमडावेत तसे दुमडलेले. आखातातून आलेली माणसं आधी घरावर मजला चढवतात. चाचांनी आधी परसात कुस्तीचा हौदा खणला, लाल माती चाळून घातली, तिच्यात हळद, ताक, तेल मुरवलं, आणि आपल्या एकुलत्या एक मुलीला, नसीमला, त्यात उभं केलं. लोकांनी नावं ठेवली तर म्हणाले, “मुलगा नाय म्हणून माती सुकवू काय?” अडचण एवढीच होती, की नसीमशी लढायला कोणी नव्हतं. मी मावशीच्या परसाच्या दगडी गडग्यावर बसून शेंगा खात होते.

“काय गो पोरी, वजन किती तुझं?” चाचांनी विचारलं.

मी सांगितलं.

“खाली उतर,” ते म्हणाले. “शेंगा राहू दे तिथंच.”

अशी मी दोन वर्षं उतरत राहिले. संध्याकाळी मातीत लोळून उठले की चाची न्हाणीत गरम पाणी काढून द्यायची आणि मग तांदळाची भाकरी, कधी नारळाच्या दुधाबरोबर सांदण. मावशीला सांगितलं होतं, नसीमकडं भरतकाम शिकते; ती त्या वेळी दुकानांत पुड्या पोचवायला गेलेली असायची. चाचांना सांगितलं होतं, पेणला मी शिवणाच्या क्लासला जाते. सरांना पापडाचं पीठ सांगितलं होतं. तिन्ही गोष्टी नसीमला तेवढ्या ठाऊक होत्या आणि ती म्हणायची, “सुले, तुझ्या थापांची एकदा आपसात गाठ पडून अपघात होनार हाय.”

लपवायचं कारण साधं होतं. सर एकदा वर्गात म्हणाले होते, “कुस्ती म्हणजे दोन बैलांनी एकमेकांना टेकून उभं राहायचं. त्यात डोकं लागत नाय.” आणि चाचांनी एकदा रोह्याच्या मैदानावर कराटेची प्रात्यक्षिकं बघितली होती. घरी येऊन चाचीला म्हणाले, “सगळी पोरं हवेला मारतायत. हवेनं काय केलंय त्यांचं?” आता मला सांगा, अशा दोन माणसांना एकमेकांचं नाव सांगायची कुणाची छाती? कराटेत मला पाय आवडायचे, लांबून झेपावणं आवडायचं. मातीत मला माणसाचं वजन हाताला लागायचं ते आवडायचं. एकाची लाथ आणि दुसऱ्याची पकड एकाच अंगात असती तर पेणपासून कोलाडपर्यंत माझ्या वाटेला कोणी गेलं नसतं, असं मला वाटायचं. वाटायचं एवढंच. होत होतं ते उलटंच.

सरांचा कायदा होता बोटभर अंतराचा. मारायचं पूर्ण ताकदीनं, पण नाकापासून एक बोट अलीकडं थांबायचं. त्यासाठी ते आमच्याच घरचा कच्चा पापड दोऱ्यानं टांगायचे. बुक्का मारल्यावर पापड वाऱ्यानं हलला पाहिजे, फुटता कामा नये. ज्याचा फुटेल त्यानं दुसरा आणायचा. आईचा धंदा त्या वर्षी बरा चालला. पुढं पुढं माझा हात इतका पक्का झाला, की डोळे मिटून मारला तरी पापडाला नुसती गुदगुली व्हायची. आणि तो पक्का हात घेऊन मी रोह्याच्या मातीत उतरायचे. नसीम समोर, तिचा उजवा पाय पुढं, मी झेप घेते, हात तिच्या मांडीपाशी पोचतो, आणि थांबतो. एक बोट अलीकडं. तेवढ्यात नसीम माझी मान दाबून मला तोंडावर पाडायची, अंगावर येऊन उलटी करायची आणि माझी पाठ मातीला लावायची. एकदा नाही, दोनदा नाही. त्या हौद्यातली निम्मी माती मी पोटातून पेणला नेली असेल.

“थांबतेस का गो?” चाचा कपाळाला हात लावायचे. “बोटभर जागा कुणासाठी ठेवलीस? शेजारधर्म पाळतेस काय?”

मला सांगता येईना. सांगायचं तर पापड सांगावा लागला असता, पापडापाठोपाठ सर. शेवटी चाचांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं. चाचीला म्हणाले, “पोरगी दयाळू हाय. दयाळू मानसानं कुस्ती खेळू नये, दवाखाना काढावा.” आयुष्यात मला दयाळू म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस, आणि त्याचाही गैरसमज झाला होता.

चाचांचा कायदा वेगळा. पकडलं तर सोडायचं नाही. पण समोरच्याची पाठ मातीला लागली की त्या क्षणी सोडायचं. “पाठ टेकली, कुस्ती सरली. त्यापुढं बोट लावलंस तर ते बोट मी मोडीन.” सोडायचं, उठायचं, माती कपाळाला लावायची, मग पडलेल्याला हात द्यायचा. मी चुकून एकदा नसीमला पाडल्यावर तिच्या छातीवर बसून राहिले, तर चाचांनी मला मानगुटीला धरून उचलून गडग्यावर ठेवलं आणि तासभर उतरू दिलं नाही. त्यानंतर पाठ टेकल्याचा आवाज ऐकला की माझे हात आपोआप सुटायचे. त्याचा सराव चाचांनी आमच्याकडून पापडाच्या पिठासारखा कुटून घेतला.

आता मी स्वतः पेणला मुलींचा वर्ग घेते. सोमवारी लाथाबुक्के, शनिवारी धरपकड, दोन्ही. दर महिन्याला कोणाची तरी आई येते आणि म्हणते, “मॅडम, एकाच गोष्टीवर फोकस नको का? एकात तरी धड होऊ दे.” माझं डोकं असं तापतं, की त्यावर पापड भाजून निघतील. बाई गं, जिला नुसतं मारता येतं तिला कोणी धरलं की संपली. जिला नुसतं धरता येतं ती जवळ पोचायच्या आधीच नाकावर खाते. दोन्ही शिकू दे, फक्त दोन्ही एका छपराखाली शिकू दे. मी माझ्या दोन विद्या दोन गावांत ठेवल्या, मध्ये एसटीचं तिकीट ठेवलं आणि वर थापांचं कुलूप घातलं. त्यांची एकमेकींशी ओळखच करून दिली नाही. मग एकमेकींच्या पायात पाय घालतील नाही तर काय करतील? पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मला फक्त एक जागा हवी होती.

जिल्ह्याच्या कराटे संघात माझ्या वजनाची एक जागा. संघ राज्याच्या स्पर्धेला नाशिकला जाणार होता, आणि ती जागा आदल्या वर्षी वैशालीनं माझ्या नाकाखालून नेली होती. वैशाली नागोठण्याकडच्या कंपनीच्या कॉलनीतली. तिचे पाय इतके लांब, की तिनं नागोठण्यात उभं राहून कोलाडच्या हॉटेलातला चहा पायानं ढवळला असता. मला आजवर कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. शाळेच्या नाटकात झाड झाले होते, तेही दुसरं झाड आजारी पडलं म्हणून. या वेळी मी गल्लीत सगळ्यांना सांगून बसले होते, की नाशिक पक्कं. लाटायला येणाऱ्या बायांनी गोदावरीचं पाणी आणायला बाटल्या दिल्या होत्या. आईनं बाजारातून निळी रेक्झिनची बॅग आणली, तिची चेन अडायची म्हणून तिला मेण लावून ठेवलं. बॅग दाराशी, भरायची बाकी.

निवड पेणलाच होती, एका शाळेच्या सभागृहात. माझी आणि वैशालीची झुंज शेवटची. नियम सगळ्यांना पाठ होते. बुक्का किंवा लाथ अंगाला लागली की गुण, चेहऱ्यापासून बोटभर अलीकडं थांबली तरी गुण. समोरच्याला नुसतं पाडलं तर काही नाही, पाडून लगेच वरून बुक्का दाखवला तर पूर्ण गुण. आणि पंच थांबा म्हणेपर्यंत झुंज चालू. हे सगळं मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी मिळवले असते.

आदल्या वर्षी वैशालीनं मला ढकलून ढकलून रेघेबाहेर काढलं होतं. या वेळी ती आली, खांदा लावला, आणि मी हलले नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढची दोन आयुष्यं विसरणार नाही. तिच्या मनात बहुतेक तो टेम्पो आला असावा. तिची लाथ आली की मी मागं न जाता आत शिरायचे. आत शिरल्यावर तिचे ते लांब पाय कपड्यांच्या काठीसारखे निरुपयोगी. तिचे दोन गुण झाले, माझे दोन झाले. सर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते आणि पहिल्यांदाच ओरडत नव्हते. अर्धं मिनिट राहिलं.

वैशालीनं उजवी लाथ फिरवली. मी ती कमरेपाशी धरली, आणि तिथून पुढं मी पेणमध्ये नव्हतेच. माझा खांदा तिच्या पोटात, हात मांडीखाली, तिचा दुसरा पाय माझ्या पायाच्या आकडीत, आणि वैशाली उचलली गेली. किती उंच, ते मी दर वेळी वेगळं सांगते. पंख्याला लागली नाही एवढं कबूल करते. मग ती खाली आली, सपाट, दोन्ही खांदे एकदम. सतरंजीवर असा आवाज झाला, की आमच्या घरी मुसळ एकदाच इतक्या जोरात पडलं होतं, आणि तेव्हा दगड फुटला होता. तिचं तोंड उघडं, डोळे छताकडं. मला फक्त वाकून तिच्या नाकापुढं एक बुक्का दाखवायचा होता. बोटभर अंतर ठेवून. जगात त्या वेळी ते माझ्याइतकं चांगलं कोणालाच येत नव्हतं.

पाठ टेकली. माझे हात सुटले. मी उठले, वैशालीकडं पाठ केली, खाली वाकून सतरंजीला हात लावला आणि कपाळाला टेकवला.

पंचांचा हात अर्धा वर आला होता, पण थांबा म्हणायला त्यांना काही कारणच दिसत नव्हतं. मी वाकलेली असतानाच वैशाली उठली. शहाणी मुलगी, नियम तिलाही पाठ होते. तिची लाथ माझ्या पाठीत बसली, अगदी मधोमध, मापात, आणि मी माझ्याच हातातल्या नमस्कारासकट पुढं दोन पावलं गेले. पंचांनी तेव्हा थांबवलं, वेळही संपली होती, आणि तिचा हात वर केला. मी त्या वेळी वळून तिला उठायला हात द्यायला निघाले होते, आणि ती उभी होती.

बाहेर पायरीवर सर बसले होते. हातात चहाचा ग्लास, प्यायलेला नव्हता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि दोन वर्षांचं सगळं एका दमात ओकले. इब्राहिमचाचा, नसीम, लाल माती, गडगा, सांदण, भरतकाम, शिवणक्लास. पापडाचं पीठ थाप होती हेही सांगितलं. तुमच्या पापडामुळं तिकडं माझा हात थांबतो आणि त्यांच्या मातीमुळं इकडं माझा हात सुटतो, म्हटलं. तिकडं मला दयाळू म्हणतात आणि इथं म्हैस. नाशिकला मी नाही, बॅग जाणार नाही, आता बायांच्या बाटल्या मी कुठल्या नळावर भरू? डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाही मला राग येत होता. मला क्लासातून काढायचं तर काढा, म्हटलं, नाव खोडा. नाहीतर मी शनिवारचं जाणं बंद करते, पुन्हा त्या मातीत पाय ठेवणार नाही, तुम्ही सांगाल ती शपथ घेते.

सरांनी ग्लास खाली ठेवला. सभागृहाच्या दाराकडं बघितलं, आत ती सतरंजी अजून तशीच होती, वैशाली पडली तिथं चुरगळलेली. मग उजवा हात पुढं करून त्यांनी हवेत काहीतरी धरल्यासारखं केलं, मांडीच्या उंचीवर, आणि पाय जरा आत टाकून बघितला. तो त्यांना नीट जमला नाही.

“शनिवारी माझी पहिली शिफ्ट असते,” ते म्हणाले. “तीननंतर रोह्याला गाडी कितीची हाय?”